गोगलगायींचा डबा

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण बाईंनी वर्गात शिकवली तेव्हा मला उदाहरण शोधावं लागलं नाही. वरून गरीब दिसणारं आणि आतून आपलं साधून घेणारं माणूस, असा अर्थ त्यांनी फळ्यावर लिहिला आणि मी वळून मागच्या बाकावरच्या माझ्या आतेबहिणीकडे बघितलं. सुजाता मान खाली घालून अर्थ उतरवून घेत होती, सुबक अक्षरात. मी आता सत्तरी ओलांडली आहे. चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही, दुधाखालचा गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही. पण ‘मामा, मी धरू का डबा?’ हे तिचं वाक्य तिच्या त्या लाडिक हेलासकट मला अजून म्हणून दाखवता येतं. त्या डब्यावरून मी एक अख्खा पावसाळा जळून काढला. लोकांच्या पोरी बाहुलीवरून जळतात, कानातल्यावरून जळतात. आमच्या डब्यात गोगलगायी होत्या.

साताऱ्याच्या कडेला, किल्ल्याच्या उतारावर आमचं घर होतं. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकाची, वर पत्रा, आणि या दोन्ही खोल्यांहून मोठं परस. वडिलांना मी दादा म्हणायची. पलटणीतून निवृत्त होऊन ते एका सरकारी कचेरीत चौकीदार झाले होते. गावाकडं आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, तिथं आमच्या नावावर अंगणसुद्धा नव्हतं. आणि पलटणीत त्यांनी जमीन खणली ती खंदकापुरती. त्यामुळं परसातली ती दगडगोट्यांची काळी माती त्यांना काय वाटत असेल, ते मला आज कळतं. तेव्हा एवढंच दिसायचं की कचेरीतून आले की टोपी खुंटीला आणि दादा वाफ्यात. दोरी धरून वाफे आखायचे. वांगी एका रांगेत, मिरच्या एका रांगेत, घेवडा काठ्यांवर, दोडका आणि काकडी मांडवावर, कडेनं कोथिंबीर आणि अळू. एखादं रोप रांग सोडून उगवलं तर आई चुलीपुढून ओरडायची, ‘‘आता त्येला काय शिक्षा देतासा? परेडला उशिरा आलं म्हनून?’’ दादा हसायचे नाहीत. ते रोप अलगद उपटून रांगेत लावायचे आणि वर दोन बोटांनी माती दाबायचे.

आई माणातली, म्हसवडजवळची. तिकडं पाऊस येतो येतो म्हणतो आणि पुढच्या गावाला निघून जातो. सगळं बालपण तिनं डोक्यावर हंडे वाहिलेले, त्यामुळं साताऱ्याच्या पावसाचं तिला कौतुक वाटायला हवं होतं, पण नाही. पत्र्यावर दिवसरात्र तडतड चालायची, खालच्या ओढ्याचा आवाज घरात ऐकू यायचा, सरपण ओलं, चूल धुरकट, धुणं वाळायचं नाव नाही. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे शेंबडी. शंख नसलेल्या गोगलगायीला आम्ही शेंबडीच म्हणायचो. काळी, बोटाएवढी, पाठीवर मधोमध एक फिकट रेघ, आणि जाईल तिथं मागं चकाकता चिकट पट्टा. आज लावलेलं काकडीचं रोप उद्या सकाळी नुसता दांडा. कोथिंबिरीची तर पाळंमुळंच उरायची. ‘‘आमच्या माणात असलं जनावर औषधाला सुदिक घावायचं न्हाई,’’ आई म्हणायची. शेजारीपाजारी शेंबडी दिसली की चिमूटभर मीठ टाकायचे आणि मोकळे व्हायचे. आमच्याकडं ती सोय नव्हती.

कारण आमच्याकडं पहिलं शील होतं. दिवेलागणीला भिंतीवरच्या दोन तसबिरींपुढं मेणबत्ती लावून आम्ही बुद्धवंदना म्हणायचो, मग पंचशील. आमच्या लोकांनी धम्म घेऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. घरोघरी जो तो आपापल्या कुवतीनं तो शिकत होता. कुणी जुने देव नदीत सोडले, कुणी दारू सोडली. दादांनी पहिलं शील धरलं, प्राणिहत्या करणार नाही, आणि ते पलटणीतल्या हुकुमासारखं धरलं. हुकूम म्हटला की त्यात लहान जीव, मोठा जीव असं काही नसतं. डास हातावर बसला तर ते फुंकर मारायचे. आईला हे पटत नव्हतं असं नाही. पण तिचा हिशेब वेगळा होता.

‘‘आवं, परवा सुकट खाल्लीत, ती काय झाडाला लागती व्हय?’’

‘‘ती आपुन मारली न्हाई. मेलेली आनली,’’ दादा शांतपणे सांगायचे आणि भाकरीचा तुकडा कालवणात बुडवायचे.

‘‘मग मीठ बी मी टाकत न्हाई. सांडंल आपलं हातातनं.’’

‘‘सांडायचं न्हाई.’’

म्हणून दादांनी शेंबड्यांसाठी वेगळीच तजवीज केली होती. संध्याकाळी ओलं केलेलं गोणपाट वाफ्यांमध्ये अंथरून ठेवायचं. पहाटेपर्यंत खाऊन खाऊन त्या गारव्याला त्याखाली येऊन बसायच्या. उजाडलं की गोणपाट उलटं करायचं, दोन काटक्यांच्या चिमटीनं एकेक उचलायची आणि घासलेटच्या कापलेल्या डब्यात टाकायची. डब्याला तारेची कडी होती. डबा घेऊन उतार उतरायचा, ओढ्यापलीकडच्या घाणेरीच्या झुडपात तो हलकेच आडवा करायचा, आणि त्या सगळ्या बाहेर पडेपर्यंत तिथं उभं राहायचं. आपटायचा नाही, झटकायचा नाही. ‘‘त्याच फिरून येत्यात,’’ असं आईचं ठाम मत होतं. ‘‘ती कडंला खरचटल्याली हाय न्हवं, ती परवा बी हुती. मी वळखते तिला.’’

हा डबा धरायचं काम माझं. शेंबड्यांची मला किळस नव्हती. असती तरी मी गिळली असती. कारण दादा घरात कामापुरतं बोलायचे, आणि त्या ओढ्याच्या वाटेवर मात्र ते बोलायचे. ब्रह्मदेशच्या जंगलातल्या जळवा बुटांच्या भोकांतून कशा शिरायच्या, एका पुलावर पहारा करताना हत्ती कसा समोर उभा ठाकला आणि दोघंही एकमेकांना बघून कसे मागं सरले, लंगरमधल्या डाळीत एकदा कुणाचं तरी बटण कसं सापडलं. शेंबड्या डब्यातून बाहेर पडायला वेळ लावायच्या, तेवढी गोष्ट लांबायची. मी मनातल्या मनात त्यांना म्हणायची, सावकाश. परतताना ते म्हणायचे, ‘‘चल जवान,’’ आणि मी रिकामा डबा हलवत पुढं चालायची. घरात मला कुणी जवान म्हणत नव्हतं. ते नाव तेवढ्या वाटेपुरतं होतं, आणि ते माझ्या एकटीचं होतं.

मग सुजाता आली.

माझी आत्या सांगलीला दिली होती. तिचे यजमान हळदीच्या पेठेत हमाली करायचे. घरात पोरांचा पसारा, जागा हाताएवढी, आणि त्या पोरांत ही एक हुशार. इथं शिकेल, चार लोकांत वावरेल, म्हणून दादांनी तिला आणली. पत्र्याची छोटी ट्रंक घेऊन ती दारात उभी राहिली आणि ट्रंक उघडली तेव्हा खोलीभर हळदीचा वास सुटला. तिचे परकर, तिची वह्यापुस्तकं, तिचे केससुद्धा त्याच वासाचे. दादा म्हणाले, ‘‘ताईच्या घरचा वास आला बघ,’’ आणि त्यांचे डोळे भरून आले. मी आयुष्यभर त्यांच्याच घरात राहत होते, त्यामुळं मला कसलाच वास नव्हता. त्या संध्याकाळी मी मिसळणाच्या डब्यातली हळद घेऊन माझ्या फ्रॉकला चोळली. त्यावरून आईचा मार खाल्ला तो वेगळाच.

नावाचं दुःख तर जन्माचं. मी उन्हाळ्यातली आणि सुजाता त्याच वर्षीच्या हिवाळ्यातली. मधल्या दिवसांत आमच्या घराण्यानं धम्म घेतला. म्हणून तिला नवं, धम्मातलं, गोड नाव मिळालं आणि मला वारलेल्या आजीचं जुनं नाव चिकटलं: धोंडा. सहा महिने उशिरा जन्मले असते तर मीही सुजाता झाले असते. पोरं रस्त्यात ‘धोंडा आला, धोंडा’ करून बाजूला व्हायची आणि ही बया शेजारून पावलं मोजत चालायची. वंदना म्हणताना माझी जीभ पाली शब्दांवर ठेचकाळायची. सुजाता म्हणायला लागली की दादांचे डोळे आपोआप मिटायचे. एका डोळ्यानं मी ते बघायची. करपलेली भाकरी वाट्याला आली तर मी तोंड वाकडं करायची. ती म्हणायची, ‘‘मामी, मला असलीच आवडती.’’ मग आई दोडक्याच्या शिरांची चटणी तिच्या ताटात जास्त वाढायची. खरंच कुणाला करपलेली भाकरी आवडते का? मी इतक्या वर्षांत विचारून बघितलं आहे. कुणालाच आवडत नाही.

हे सगळं मी सोसलंही असतं. पण एका सकाळी गोणपाट उलटं केल्यावर सुजाता म्हणाली, ‘‘मामा, हितं काकडीची सालटी टाकून ठिवली तर? समद्या एकाच जागी येत्याल.’’ दादांनी करून बघितलं. दुसऱ्या दिवशी शेंबड्या खरंच एकाच कोपऱ्यात, सालींवर, लग्नाच्या पंगतीसारख्या दाटीवाटीनं बसलेल्या. दादा खूष. ‘‘डोकं हाय पोरीला.’’ इतकी वर्षं गोणपाट मी भिजवत होते, मी अंथरत होते, पण त्याला डोकं लागत नाही. तेव्हाच ती म्हणाली, ‘‘मामा, मी धरू का डबा?’’ आणि दादा म्हणाले, ‘‘धर की. धोंडा, तू जरा आईला चुलीला मदत कर. चल गं जवान.’’

मी चुलीपुढं बसले. फुंकणीनं फुंकत राहिले आणि डोळ्यांतून पाणी येत राहिलं. आई म्हणाली, ‘‘लय धूर झालाय का?’’ मी म्हटलं, व्हय. खिडकीतून दोघं उतार उतरताना दिसत होती. दादांचा एक हात हलत होता. म्हणजे हत्तीची गोष्ट चालली होती. माझा हत्ती होता तो.

त्यानंतर शेंबड्या कमी होत चालल्या. भर पावसाळ्यात, ज्या दिवसांत त्या वाढायच्या, त्या दिवसांत. गोणपाटाखाली दोन-चार, कधी एखादीच. दादांना वाटलं, सालींच्या युक्तीचा गुण. त्यांनी कचेरीतल्या लोकांना, शेजारच्या सरूकाकूंना, भाजी न्यायला आलेल्या सगळ्यांना सांगितलं की माझ्या भाचीनं हे शोधून काढलं. मात्र मांडवावरचा दोडका कडेनं पिवळा पडू लागला होता. पानं करपल्यासारखी, शेंडे मान टाकलेले. दादा रोज त्याच्या बुडाशी उकिडवे बसायचे, माती चिमटीत घेऊन चोळायचे आणि उठायचे. त्यांना काही समजत नव्हतं.

मला मात्र समजलं असं मला वाटलं. एका दुपारी आई भांडी घासायला बाहेर गेली असताना मी स्वयंपाकघरात शिरले, तर सुजाता पाट्यावर खडेमीठ वाटत होती. बारीक, पिठासारखं. स्वयंपाकाला आमच्याकडं खडेमीठ तसंच टाकायचे, ते कुणी वाटत नसे. मला बघून तिनं पाट्यावर हात पसरला. माझ्या आत लेझीम सुरू झालं. सापडली! वंदना म्हणणारी, शील पाळणारी, करपलेली भाकरी खाणारी ही गोगलगाय मिठानं जीव घेत होती, आणि कमी झालेल्या शेंबड्यांचं कौतुक करून घेत होती. आता हिला मीठ टाकताना पकडायचं आणि दादांना हाक मारायची. मग ट्रंक, हळदीचा वास आणि डोकं, सगळं घेऊन ही सांगलीच्या गाडीत.

दिवेलागण झाली. दिवसभर पाऊस उघडला होता. मेणबत्ती लागली, दादा मांडी घालून बसले. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून सुजातावर पाळत ठेवली. पण ती हललीच नाही. हात जोडून, डोळे मिटून, अगदी खणखणीत वंदना म्हणू लागली. आईची जागा तेवढी रिकामी होती. आई बहुतेक वेळा चुलीचं निमित्त सांगून मागंच राहायची. मी हळूच उठले, पाणी प्यायचा बहाणा करून मागच्या दारात गेले. आतून दादांचा आणि सुजाताचा आवाज येत होता, पहिलं शील, एका सुरात. आणि बाहेर दोडक्याच्या मांडवाखाली आई वाकून, पदर खोचून, गोणपाटाची कड उचलून वाटीतलं मीठ शिंपत होती. हळदीकुंकवाला गुलाबपाणी शिंपडावं इतक्या निगुतीनं.

ती वळली, तर मी समोर. दचकली नाही. वाटी पदराआड घेतली आणि म्हणाली, ‘‘आत जा. काय बघायचं ते बघितलंस.’’

‘‘सुजी तुला मीठ वाटून देती?’’

‘‘देती.’’

‘‘तिला ठावं हाय? आन मला न्हाई?’’

‘‘तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, धोंडे. ती गप बसती.’’

मिठाचं मला काहीच वाटलं नाही. शीलाचंही नाही. पण माझ्या आईनं तिचं गुपित पोटच्या पोरीला सोडून त्या हळदीच्या ट्रंकेला सांगावं! दादा आधीच गेले होते, हत्ती गेला होता, ‘जवान’ गेलं होतं. आता आईपण गेली. त्या संध्याकाळी मला हुलग्याचं माडगं गिळवेना. समोर सुजाता फुंकून फुंकून पीत होती आणि मध्येच आईकडं बघून गालात हसत होती. हसत नसेलही. मला तसं दिसलं.

सकाळी दादांनी गोणपाट उचललं आणि ते तसंच हातात धरून राहिले. पाऊस नसल्यानं रात्री मीठ विरघळलं नव्हतं की मेलेल्या वाहून गेल्या नव्हत्या. सालींवर, मातीवर पांढरे कण, आणि त्यांत फेस येऊन आक्रसलेल्या शेंबड्या. दादांनी दोडक्याच्या बुडाची माती उचलून जिभेला लावली आणि थुंकली. पलटणीतून आल्यापासून मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं, त्या दिवशीही ते ओरडले नाहीत.

‘‘कुनी केलं?’’

मी सुजाताकडं बघितलं. तिनं डबा ठेवला, मान खाली घातली आणि म्हणाली, ‘‘मी, मामा.’’

दादांचा चेहरा असा झाला की कुणालाही तिची दया आली असती. मला आली नाही. मला एवढंच दिसलं की ही आता माझ्या आईसाठी खोटं बोलणार, आई जन्मभर हिची ऋणी राहणार, आणि मी कोण, तर माडगं न गिळणारी धोंडा. गप्प राहिले असते तर सुजाता सांगलीला गेली असती आणि डबा पुन्हा माझ्या हातात आला असता. एवढी साधी गोष्ट! पण मत्सराला धोरण नसतं. माझ्या आईसाठी मार खायचा तर तो मी खाईन, ही कोण?

‘‘खोटं बोलती!’’ मी किंचाळले. ‘‘आई टाकती मीठ. रोज वंदनेच्या टायमाला. ही नुसती वाटून देती!’’

आईचं म्हणणं असं रात्र उलटताच खरं ठरलं. तीळ भिजला नाही. दादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘‘खरं बोललीस,’’ ते म्हणाले. पुढं आयुष्यात मला पुष्कळांनी स्पष्टवक्ती, खरं बोलणारी बाई म्हणून मान दिला. त्याची सुरुवात कुठून झाली ते मी कधी कुणाला सांगितलं नाही.

आई पिठाच्या हातानं दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

‘‘व्हय, मी टाकलं,’’ ती म्हणाली. ‘‘काय करायचं ते करा.’’

‘‘जीव घेतलास,’’ दादा म्हणाले.

‘‘घेतला. लय घेतलं. आन अजून घेईन.’’ तिचा आवाज चढत गेला. ‘‘रोज उजाडलं की त्यांचं आवरायचं, डब्यात बसवायचं, वढ्यापतूर पोचवाय जायचं, त्या हालंस्तवर हुबं ऱ्हायाचं. लगीन झाल्यापास्नं मला माह्यराला कवा पोचवाय आलासा? एकदा तरी? हितनं म्हसवड काय लंकेत हाय? कवा दीर आला, कवा भाऊ आला, न्हाईतर माझी मी पिशवी घेऊन गाडीत. माझी आई दर खेपंला इचारती, जावई कुटं हायेत? काय सांगू तिला? शेंबड्या पोचवाय गेल्यात म्हनून सांगू?’’

सुजाता आणि मी एकमेकींकडं न बघता उभ्या होतो. माझी आई, जी सगळ्या गल्लीला पुरून उरायची, ती गोगलगायींवर जळत होती, हे कळायला माझं वय लहान होतं. पण जळणं म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं. तिचा चेहरा मी ओळखला. तो चुलीपुढचा माझाच चेहरा होता.

दादांनी गोणपाट खाली ठेवलं. विहिरीचं पाणी काढून बादल्यांवर बादल्या दोडक्याच्या बुडात ओतल्या आणि न जेवता कामावर गेले. संध्याकाळी आले, टोपी खुंटीला लावली, पण वाफ्यात गेले नाहीत. चुलीजवळ उभे राहून म्हणाले, ‘‘शनवारी म्हसवडच्या गाडीचं इचारून आलोय. रजा टाकली.’’

आई भाकरी थापत होती. ‘‘कशाला?’’

‘‘पोचवाय.’’

भाकरी थापायचा आवाज थांबला आणि मग पहिल्यापेक्षा जोरात सुरू झाला.

शनिवारी ती दोघं गेली. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, आणि तिची पिशवी दादांच्या हातात होती. आमच्याजवळ सरूकाकू झोपायला येणार होत्या. जाताना दादा एवढंच म्हणाले, ‘‘डबा चुकवायचा न्हाई.’’ कुणी धरायचा ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कडीला माझा एक हात आणि तिचा एक हात. कुणी सोडेना. तसाच तिरका डबा घेऊन आम्ही उतार उतरलो, शेंबड्या एका बाजूला घसरलेल्या. ओढ्यापलीकडं घाणेरीत डबा आडवा केला आणि सुजातानं तोंड फिरवलं. तिला ओकारी येत होती. नाकाला परकर लावून ती म्हणाली, ‘‘मला बघवत न्हाई गं. पयल्यापास्नं.’’

‘‘मग धरतीस कशाला डबा?’’

‘‘मामांना बरं वाटतं म्हनून. न्हाई म्हटलं, काय काम केलं न्हाई, आन मामांनी परत सांगलीला धाडलं तर? तिथं मला झोपाय बी जागा नव्हती.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘आन त्यो हत्तीचा इस्सय मला लय येळा सांगितला त्यांनी. मला भ्या वाटतं हत्तीचं.’’

खरं तर इथं माझं मन द्रवायला हवं होतं. द्रवलं ते बरंच उशिरा, आम्ही दोघी बाळंतपणं वगैरे करून मोकळ्या झाल्यावर. त्या सकाळी मला भयंकर राग आला. ज्या डब्यावरून मी पावसाळाभर जळले तो हिला नकोच होता! माझा हत्ती हिनं नुसता सोसला होता! निदान हवा म्हणून घेतला असता तर माझ्या जळण्याला काही किंमत आली असती. मी तिच्या हातातून डबा हिसकावला आणि म्हटलं, ‘‘उद्यापास्नं मी एकटी नेईन. तू गोनपाट भिजव.’’ ती इतक्या आनंदानं हो म्हणाली की मला आणखीच राग आला.

पण पुढच्या सकाळी डबा एकटीच्या हातात घेतला तेव्हा बरं वाटलं. आता दादा आले की पहिल्यासारखं. मी मनात सगळं ठरवून ठेवलं. ते जळवांपासून सुरू करतील, पुलावर येतील, आणि हत्तीपाशी मी मुद्दाम विचारीन, मग? मग काय झालं? डबा मी राखेनं घासून लख्ख केला. तारेची कडी सरळ केली.

ती दोघं परत आली ती बाजरीचं गाठोडं, भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणि आईच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या घेऊन. आई सरूकाकूंना सांगत होती आणि सांगताना थांबत नव्हती. जावई आपण होऊन आला म्हणून तिच्या आईनं शेजारणींना बोलवून दाखवला, भावानं कोंबडं कापलं.

‘‘आन खाल्लं त्यांनी?’’ सरूकाकूंनी विचारलं.

‘‘खाल्लं की. त्यांनी कुटं मारलं?’’ आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली. दोडक्याचा वेल तोवर वाळून काथ्या झाला होता. दादांनी तो उपटून टाकला आणि मांडव तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी उठले. गोणपाट उलटलं. मिठाला सुट्टी मिळाल्यामुळं शेंबड्या पूर्वीसारख्या भरपूर होत्या. काटक्यांनी एकेक उचलून डबा भरला आणि कडी घट्ट धरून मागच्या दारात उभी राहिले. दादा आले. वहाणा घातल्या. माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं आणि घरात तोंड करून हाक मारली, ‘‘येतीस न्हवं?’’

आई बाहेर आली. चूल न पेटवता. डोक्यावरून पदर घेतलेला, तोंड धुतलेलं, बांगड्या मागं सारलेल्या.

‘‘डबा आईकडं दे, धोंडा,’’ दादा म्हणाले.

आईनं माझ्या हातातून डबा घेतला. आत डोकावून नाक मुरडलं, ‘‘हीच ती, बगा. खरचटल्याली,’’ असं म्हणाली, आणि निघाली. दोघं उतार उतरू लागली. दादांचा हात हलायला लागला. थोडं खाली गेल्यावर आई काहीतरी बोलली आणि दादा मोठ्यानं हसले. दादा असे हसतात हे मला तोवर माहीत नव्हतं. आईनं डबा या हातातून त्या हातात घेतला आणि ती त्यांच्या बाजूला सरकली.

सुजाता डोळे चोळत माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. आम्ही दोघी बघत राहिलो.

‘‘गोगलगाय अन् पोटात पाय,’’ मी पुटपुटले.

‘‘आता मी काय केलं?’’ सुजाता म्हणाली.

‘‘तुला न्हाई,’’ मी म्हटलं. ‘‘आईला.’’